अख्ख्या पंगतीची परवानगी

अण्णांनी आयुष्यात कुणाला ‘स्माईल प्लीज’ म्हटलं नाही. कॅमेऱ्यामागून ते एकच विचारायचे, “सकाळी काय खाल्लासा?”

समोर नवरदेव असो, पासपोर्टच्या फोटोला आलेला हवालदार असो, नाहीतर नातवाच्या बारशातली आजी असो, माणूस क्षणभर गोंधळायचा. आठवायला लागायचा. तो ‘पोहे’ म्हणायच्या आत अण्णांचं बोट दाबलेलं असायचं.

“नाव तोंडात याच्या आदी चव येती माणसाला,” ते म्हणायचे. “ती टिपायची. हसू काय, कुणीबी काढतंय.”

त्यामुळं निपाणीत आणि आजूबाजूच्या गावांत भिंतीवर टांगलेल्या निम्म्या फोटोंतली माणसं न्याहारी आठवताना दिसतात. अण्णांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. आक्का तर म्हणायच्या, “आमच्या लग्नाच्या फोटूत बघ. मी लाजलोय असं लोकास्नी वाटतंय. मी उप्पीट आठवालतो.” त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात, हे मला कळायला वर्ष लागलं.

मी तिकडचा नाही. चंद्रपूरकडचा. सातवीत शाळा सोडली. एका ठेकेदारामागं रस्त्याच्या कामावर इतक्या लांब आलो. काम संपलं, ठेकेदार गेला, मी राहिलो. मग एका बँडमध्ये वरातीला डोक्यावर लाईट धरायला लागलो. एका वरातीत बाकीच्यांचे लाईट नाचणाऱ्यांवर होते आणि मी माझा जरा खाली वळवला होता, कारण नवरीची म्हातारी आत्या खड्ड्यातून चालत होती. फोटो काढणारे पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता शिव्या.

“ए लाईट,” ते म्हणाले, “उजेड कुटं टाकायचा ते कळतंय तुला. उद्या दुकानात ये.”

तेव्हापासून माझं नाव लाईट. अण्णा, आक्का, समोरचा चहावाला, सगळ्यांना लाईट. खरं नाव फक्त गावाकडच्या फोनवर ऐकू यायचं. तिथं आई, बायको आणि दोन मुली. बायको रोज एकच विचारायची, “जेवले का?” मी हो म्हणायचो आणि तिला ते कधी खरं वाटायचं नाही.

माझा स्वभाव घाबरट. चार लोक हसले की मला वाटतं, मलाच हसताहेत. बोलणं वेगळं म्हणून खरंच हसायचेसुद्धा. आमच्याकडं आदरानं ‘जी’ लावतात. अण्णा वैतागायचे, “जी जी करू नको रं सारखं. मी काय तुझा सासरा न्हाय.”

“बरं जी,” मी म्हणायचो.

अण्णा जैन, नेमधर्म पाळणारे. त्यांच्या खिशात दोन फडकी असायची. एक लेन्स पुसायचं, एक पाणी गाळायचं. लग्नात कुठंही पाणी दिलं तर आधी फडकं काढून तांब्याच्या तोंडावर धरणार. आक्का चिडवायच्या, “एक दिवस लेन्सच्या फडक्यानं पाणी गाळून पिशीला, मग पोटातलं फोटो काढत बसा.” ते सूर्य बुडायच्या आत जेवायचे. लग्नाचं काम कितीही असो, उन्हं कलली की कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून पानावर बसायचे. आणि मला शेजारी बसवायचे. बँडवाले, लाईटवाले सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूला, उरलेलं जेवतात. पण अण्णांचा हिशेब वेगळा होता. “उजेड हाय तवर लाईटवाल्याला काम न्हाय. काम न्हाय तवर त्यानं जेवावं.” कुणी यजमानानं कपाळाला आठी घातली, तर ते कन्नडमध्ये बोलायचे. खूश असले की मराठी, रागावले की कन्नड. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण यजमान वाढप्याला हाक मारायचा एवढं कळायचं.

मग तो रोग आला आणि लग्नं बंद झाली.

अण्णांची मुलगी बेळगावात इंग्रजी शाळेत शिकवते. आम्ही ताई म्हणतो. तिनं फोनवर सुचवलं, “अप्पा, फोटो साईटवर टाकूया. जगातले पेपरवाले, औषधवाले, कॅलेंडरवाले तिथून विकत घेतात. त्यांना सध्या या साथीचे फोटो पाहिजेत.” साईट तिनं सांभाळायची, फोटो आम्ही काढायचे. पण काय काढायचं? अण्णा चाळीस वर्षं लोक सांगतील ते काढत आलेले. सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर ते पहिले दोन दिवस दुकानाच्या पायरीवर नुसते बसून होते.

सुरुवात मास्कपासून केली. आक्कांनी झंपराच्या कापडाचे मास्क शिवले. अण्णा मला म्हणाले, “मास्कच्या आत हास.” मी म्हटलं, दिसणार कसं? “डोळ्यांत दिसतंय. सकाळी काय खाल्लास?” तो फोटो परत आला. मागच्या कपाटावर कंपनीचं नाव दिसत होतं, ते साईटला चालत नाही. साबणानं हात धुतानाचा परत आला, साबणावर नाव. एसटी स्टँड ओस पडलेला काढला. ताई म्हणाली, “अप्पा, जगातला प्रत्येक स्टँड ओस आहे आणि प्रत्येकाचा फोटो तिथं आहे.”

मग ताईनं कळवलं की आलं, लसूण, हळद, काढ्याचं सामान असे फोटो लोक फार शोधताहेत. जमिनीखालचं ओलं अण्णांना चालत नाही. त्या घरात लसूण कधी आलाच नव्हता. आल्यालाही ओलं असेतोवर उंबरा बंद, सुंठ झालं की मगच आत.

“फोटो काढाय पाप न्हाय,” अण्णा हळूच म्हणाले.

“दाराच्या भाईर,” आतून आक्का.

मी लसूण आणला. रस्त्याच्या कडेला पाट ठेवला, पाटावर आक्कांची पितळी परात, परातीत आलं-लसूण-हळद. परात द्यायला आक्का तयार नव्हत्या, मग नंतर ती चिंचेनं घासून, उन्हात तापवून घ्यायची या बोलीवर दिली. अण्णा रस्त्यावर पालथे पडून फोटो काढताहेत आणि समोरून चाललेला पोलीस विचारतोय, “अण्णा, काय झालं? चक्कर आली?” असा तो फोटो. साईटवरून विकला गेलेला आमचा पहिला फोटो तो. लसूण मी वरच्या खोलीत नेऊन चटणी केली. वास खाली गेला असणार. आक्का दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “खिडकी तेवढी रस्त्याकडची उघडत जा.”

एका लसणावर दुकान चालत नाही. वर्ष सरलं, दुसरा उन्हाळा आला, पुन्हा सगळं बंद. यंदाही काही झालं नाही तर दुकान सोडायचं, असं आक्कांनी मला जेवायला वाढता वाढता सांगितलं. दुकान गेलं की वरची माझी खोली जाणार. मी गावाकडं जाणार. तिथं काय काम होतं? काम असतं तर मी इतक्या लांब आलोच नसतो. त्या दिवशी बायकोनं “जेवले का” विचारलं, तेव्हा मी मुलींकडं फोन द्यायला सांगितलं.

अण्णांचं मात्र निराळंच चाललं होतं. ते सकाळी बाजारपेठेतून एक चक्कर मारून यायचे आणि मला विचारायचे, “काय दिसंना झालंय?”

मला प्रश्नच कळायचा नाही.

“अरं, मास्कचा फोटू सगळ्यांनी काढलाय. जे दिसतंय ते सगळेच काढत्यात. दिसंना झालंय काय, ते सांग. ज्याला घरात बसून वरीस झालंय, त्याला काय बघू वाटत असंल?”

मी म्हटलं, “माणसं जी. जवळ जवळ बसलेली.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले आणि कपाटातल्या जुन्या लग्नांच्या निगेटिव्ह आणि हार्डडिस्क काढल्या. “पंगत,” ते म्हणाले. “आपल्याकडं पंगती हायेत रं! चाळीस वर्षांच्या!”

ताईला फोटो पाठवले. एक फोटो तिला फार आवडला. निपाणीची मुलगी, कागलचा मुलगा, अशा एका लग्नातला. कललेली उन्हं, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं, टोकाजवळ एक आजोबा, हातात बुंदीचा लाडू उचललेला. ताई म्हणाली, “हा जाणार. नक्की जाणार. पण अप्पा, चेहरे आहेत. ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्या सगळ्यांची परवानगी लागते, सहीनिशी. नाहीतर गर्दीचा कुठला तरी लांबून काढलेला द्या.”

“सगळ्यांची घेतो,” अण्णा म्हणाले.

“अख्ख्या पंगतीची?”

“त्यास्नी न इचारता जेवाय बसवलं हुतं व्हय?”

आणि बसले फोन करत. अण्णांना माणसांची नावं कधी आठवायची नाहीत, लग्नात कोण काय करत होतं ते आठवायचं. “पदरात लाडू बांधून न्हेलेली मावशी तुम्हीच न्हवं? ... न्हाय हो, तक्रार न्हाय, परवानगी पाहिजे हुती.” लोक घरात कोंडलेले, घाबरलेले. फोन उचलताना आवाज बारीक असायचा, कारण त्या दिवसांत फोन वाजला की वाईटच कळायचं. आणि इकडून हा म्हातारा विचारतोय, तुमच्या भाचीच्या लग्नात तुम्ही दोनदा मठ्ठा मागितलेला आठवतोय का! हळूहळू तिकडचा आवाज मोठा व्हायचा. कुणी हसायचं. एकानं तर सगळ्या घराला स्पीकरवर बोलावलं. प्रत्येक जण शेवटी एकच मागायचा, “आमाला बी एक फोटो द्या की.” अण्णा प्रत्येकाला हो म्हणायचे.

ते लाडूवाले आजोबा वारले होते. त्याच महिन्यात, रोगानंच. अण्णांना ते फोन केल्यावर कळलं. फोनवर कागलची आजी होती, त्यांची बायको. अण्णा उठून उभे राहिले आणि उभ्यानंच बोलले. परवानगीचं काढलंच नाही. आजीनंच विचारलं, “कशाचा फोटू म्हणालासा?”

“पंगतीचा, वहिनी. हातात लाडू हाय त्यांच्या.”

तिकडून एकदम, “लाडू? मला म्हणालते, एकबी लाडू खाल्ला न्हाय! साखर हुती त्यास्नी. मी पलीकडच्या पंगतीतनं लक्ष ठेवून हुतो. घरात येऊन शप्पत घेतली माझ्यापाशी.” आजी हसत होती की रडत, मला कळेना. “द्या, लावा जगात. दिसू द्या सगळ्यास्नी, काय खोटं बोलत हुतं हे माणूस.”

सह्या गोळा करायला मी सायकलवर फिरलो. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात, म्हणून कागलच्या बाजूच्या सह्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर. तिथं तपासणीच्या कागदाशिवाय पलीकडं सोडत नव्हते. तिकडून नवरदेव यायचा, इकडून मी, मध्ये पोलीस. पोलीस म्हणाला, “कसले कागद?” मी म्हटलं, “जेवणाचे जी.” त्यानं कागद उलटसुलट बघितले आणि स्वतःच पलीकडं दिले.

सगळं जमलं आणि पंगतीच्या टोकाला बसलेला एक माणूस अडला. नवरदेवाचा मामा. “माझं तोंड जगात विकणार? मी काय साबण हाय व्हय?” अण्णांनी मराठीत समजावलं. मग कन्नडमध्ये. मामा हलला नाही.

ताई म्हणाली, “त्याच पंगतीचा दुसरा असेल तर बघा.”

दुसरा होता. मला माहीत होतं की तो आहे, आणि तो उघडू नये असं मला वाटत होतं.

त्या लग्नात तूप वाढायला उशीर झाला म्हणून मामा भरल्या पानावरून उठून आचाऱ्याशी भांडायला गेला होता. अण्णा मला म्हणाले, “लाईट, बस तितं, पान मोकळं दिसाय नको. आणि जेवून घे.” मी बसलो. वाढप्यानं भात घातला, मी “बस जी, बस जी” म्हणालो आणि अख्खी पंगत हसली. कान तापले माझे. मान वर केली नाही. तेवढ्यात मामा परत आला, “हा कोण माझ्या जागेवर?” मी उठलो. पानावर लाडू होता, तेवढा उचलला आणि जनरेटरमागं जाऊन खाल्ला. ते हसणं नंतर कितीतरी दिवस माझ्या कानात होतं. त्या लग्नाचा अल्बम मी कधी बघितला नाही.

आता तो फोटो पडद्यावर होता. टोकाला मी, खाली मान. बाकी सगळी पंगत माझ्याकडं तोंड करून हसतेय.

अण्णांनी मला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. स्वतः समोर बसले. आणि माझं नाव घेतलं. माझं खरं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. त्यांना ते माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

“ह्या फोटोत तुमी हायसा,” ते म्हणाले. तुमी! “तुमची परवानगी पाहिजे. न्हाय म्हटलासा तर फोटो बंद. दुसरा काय तरी विषय बघू.”

दुसरा विषय नव्हता. दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले. आजवर मला कुणी कामाला ये म्हणालं होतं, कुणी जा म्हणालं होतं. विचारून थांबलेलं कुणी आठवेना.

मी म्हटलं, “अण्णा, ते मला हसताहेत जी.”

“कोण हसतंय? बोट लावून दाखव.”

त्यांनी फोटो मोठा केला. एकेक तोंड पडदाभर. पहिली मावशी. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या शेजारचा पोरगा, तोही नाही. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी होते, माझ्या थोडं अलीकडं. आजोबांच्या हातावर. मघाच्या फोटोत उचललेला तो लाडू आता माझ्या पानावर टेकला होता. मी खाली मान घालून भाताकडं बघत होतो, मला दिसलंच नव्हतं. आणि लाडू देणाऱ्या आजोबांचं तोंड असं, की जणू बांधाकडेचा मळा कुणाच्या तरी नावावर करून देताहेत. त्या तोंडाला हसत होती पंगत.

मला वाटायचं, तो लाडू वाढप्यानं वाढला होता.

“दाखव की,” अण्णा म्हणाले, “कुठलं तोंड तुला हसतंय?”

मी बोट उचललं, आणि खाली घेतलं.

मी म्हटलं, “परवानगी आहे जी. पण आधी आजीला फोन लावा.”

त्यांनी लावला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, “आजी, आजोबांनी लाडू खाल्ला नव्हता जी. त्यांनी तो माझ्या पानावर ठेवला. दुसऱ्या फोटोत दिसते. लाडू मी खाल्ला.”

“तू कोण रं?”

“लाईटवाला जी.”

तिकडं कुठं तरी भांडं पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “म्हणजे खोटं बोलले न्हाईत.”

“नाही जी.”

“मग कसा हुता रं लाडू?”

मी आठवायला लागलो. जनरेटरचा धूर, थरथरती जमीन, हातात तो लाडू, अजून कोमट...

खट् असा आवाज झाला. अण्णांनी फोटो काढला होता.

“तुपातला होता जी,” मी फोनवर म्हणालो. “मध्ये बेदाणा आला होता. लई गोड होता.” माझ्या तोंडून ‘लई’ आलेलं तेव्हा पहिल्यांदा.

“बरं झालं,” आजी म्हणाली. “बरं झालं बाबा, तू खाल्लास ते.”

पंगतीचा फोटो विकला गेला. पुन्हा पुन्हा गेला. कुठल्या देशात, कुठल्या भिंतीवर लागला, आम्हाला कधी कळलं नाही. पण त्यामागून ताईनं आमच्या आणखी पंगती लावल्या, एकेक करून, प्रत्येकीची परवानगी काढून, आणि लग्नं परत सुरू होईपर्यंत दुकान उघडं राहिलं. ते अजून उघडं आहे. अण्णा आणि आक्का आता मुलीकडं असतात, बेळगावात, हिंडलग्याच्या बाजूला. दुकान मी बघतो. दर रविवारी अण्णांचा फोन येतो, “काय दिसंना झालंय रं?” मी काहीतरी सांगतो. कधी चुकतो, मग कन्नड ऐकतो.

आजीचा फोन झाला त्या दिवशी मात्र अण्णांनी माझ्या फोटोचं कार्ड कॅमेऱ्यातून काढलं आणि म्हणाले, “हा विकायचा न्हाय. तरीबी इचारतो. गावाकडं धाडू का?”

मी हो म्हटलं. आक्कांनी पाकिटावर पत्ता लिहिला, दोनदा मला विचारून.

पाकीट पोचलं त्या दिवशी बायकोचा फोन आला. मुलींनी फोटो कुठं लावला, आई काय म्हणाली, छतातून पाणी कुठं येतं, सगळं सांगितलं तिनं. आणि फोन ठेवला.

मग माझ्या लक्षात आलं. “जेवले का” असं तिनं विचारलंच नव्हतं.